राणेंचे चार दिवस आणि सुरुंग काढण्याचं काम

परमवीर चक्र मिळालेल्या राम राघोबा राणेंबद्दल लिहिताना लोक ‘अतुलनीय शौर्य’ म्हणतात आणि मोकळे होतात. त्यांनी तिथे काम काय केलं, ते राहूनच जातं.

राणे खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातले, ३७ असॉल्ट फील्ड कंपनीतले. एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या पहिल्या युद्धात, जम्मू भागातल्या नौशेऱ्याहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. बरवालीच्या पुढे रस्त्यात सुरुंग, तोडून आडवी टाकलेली पाइनची झाडं, कुठे रस्ताच उडवलेला. ८ तारखेला उखळी तोफांच्या माऱ्यात दोन जवान गेले, राणेंसह पाच जखमी झाले.

सुरुंग शोधायचं यंत्र अशा रस्त्यावर वैताग आणतं. तोफगोळ्याची किरच असो की खेचराच्या नालेचा खिळा, ते सगळ्यावर ओरडतं. मग हातानेच शोधायचं. पालथं पडून, बाह्या वर करून आधी बोटांनी सुरुंगाला जोडलेली तार चाचपायची. मग टोचणी साधारण तीस अंशांत तिरकी, दर दोन इंचांवर खुपसायची. तिरकी टोचणी सुरुंगाच्या कुशीला लागते. उभी खुपसली तर थेट वरच्या तबकडीवर जाते, आणि दाब पडला की तो फुटतो. सापडला तरी सरळ उचलायचा नाही. खाली दुसरा लावलेला असू शकतो. कडेची माती हाताने काढा, आकडा अडकवा, दोरी बांधा, आडोशाला जाऊन ओढा. झाडांचंही तेच: बुंध्याखाली आधी तपासायचं, मगच स्फोटकं लावायची.

हे सगळं गोळीबारात! राणे रणगाड्याखाली सरपटत त्याच्या बरोबरीने पुढे सरकले आणि दोरीच्या खुणांनी चालकाला थांब-चल सांगत राहिले. माझ्या मते यात धाडसापेक्षा डोकं जास्त आहे. चालतं चिलखत दुसरं कुठून आणणार?

११ तारखेपर्यंत राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, पुनर्नियुक्तीवर १९७१ पर्यंत राहिले. १९९४ मध्ये पुण्यातच कमांड हॉस्पिटलमध्ये त्यांचं निधन झालं.

सुरुंगावर पाय गमावलेल्यांसाठी पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. पाय एकदा बसवला की झालं, असं नसतं. पायाचा उरलेला भाग पहिले काही महिने आटत जातो, सॉकेट (कृत्रिम पायाची तो भाग बसवायची खोबण) ढिला पडतो, कातडी घासून जखमा होतात. आधी एकावर एक मोजे चढवून भागवतात, मग सॉकेट नव्याने करावा लागतो. हे केंद्र सैन्याबाहेरच्या लोकांनाही पाय बसवून देतं, हे पुण्यातल्याच कितीतरी जणांना माहीत नसतं.