कोपनहेगनला येताय? मग सायकलच घ्या

इकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी आल्या आल्या सांगते, क्रोनरचे रुपये करणं थांबवा आणि भाड्याची सायकल घ्या. कोपनहेगनमध्ये हॉटेल महाग, बाहेरचं जेवण महाग, पण शहर बघायची स्वस्तातली रीत हीच सगळ्यात चांगली रीत आहे. गाडी परवडत नाही म्हणून सायकल, असं इथे कुणी समजत नाही. सुटाबुटातले लोक, सायकलच्या पुढच्या मोठ्या खोक्यात दोन पोरं बसवून निघालेल्या आया, सगळे सायकलींच्या एकाच पट्ट्यातून जातात. (गाडीच्या नोंदणीवरचा कर वरच्या टप्प्यात 150 टक्के आहे, हेही आहेच म्हणा.) सायकलींचं पुणे ज्यांनी पाहिलंय, त्यांना थोडं हळहळायला होतं.

नियम मात्र आधी शिका. वाहतूक उजव्या बाजूने. डावीकडे वळायचं तर चौकाच्या मध्ये घुसायचं नाही. आधी सरळ पलीकडे जायचं, कोपऱ्यावर थांबायचं आणि त्या दिशेचा सिग्नल हिरवा झाला की निघायचं. थांबण्याआधी हात वर करायचा. बसमधून माणसं थेट सायकलच्या पट्ट्यात उतरत असतील तर थांबायलाच हवं. रेंगाळणाऱ्यांनी उजव्या कडेला राहावं. मागून घंटी वाजली तर ती तुमच्यासाठीच असते! आणि सकाळी ऑफिसच्या वेळी ड्रॉनिंग लुइसेस पुलावर नवख्यांनी जाऊच नये.

पहिल्या दिवशी बंदराभोवतीचा 13 किलोमीटरचा फेरा करा. न्यूहाव्न या जुन्या कालव्याकाठच्या रंगीत घरांचे फोटो काढा, पण तिथल्या हॉटेलांच्या खुर्च्यांवर टेकू नका, त्या पाहुण्यांच्या खिशासाठीच मांडल्यात. 2016 मध्ये सुरू झालेल्या पुलावरून थेट पलीकडच्या काठावर, ख्रिश्चनहाव्न भागात उतरा. पुढे इस्लँड्स ब्रुगेला बंदराच्या पाण्यातच पोहायची सोय आहे, तीही फुकट. एकेकाळी हेच पाणी इतकं घाण होतं की कुणी पाय बुडवला नसता. जवळच सायकलस्लांगन हा फक्त सायकलींसाठीचा नारिंगी पूल पाण्यावरून वळणं घेत जातो. माझ्या मते जलपरीच्या पुतळ्यापेक्षा तो बघावा.

जेवायला सुपरमार्केटमधून राय नावाच्या धान्याचा काळा पाव, चीज, काकडी घ्या. पाणी नळाचं प्या, उत्तम असतं.

परतताना वारा समोरून आला, आणि तो येतोच, तर सरळ एस-ट्रेन, म्हणजे इथली लोकल, पकडा. तिच्यात सायकलला तिकीट नाही. मेट्रोत मात्र सायकलचंही तिकीट लागतं, आणि उन्हाळा सोडून एरवी गर्दीच्या वेळी सायकल आत नेताच येत नाही.