एसटीला दाखवावा तसा हात

"काय?" एवढंच विचारलं त्याने, तेही हातानेच. संध्याकाळपासून डोक्यात तेच घोळतंय.

शिमगा होऊन आठवडा झाला. उन्हं उतरली की वाशिष्ठीच्या काठाने रेल्वेच्या पुलापर्यंत जाऊन येते, हल्ली रोजच. घरात बसलं की ते कपाट दिसतं. नदीला पाणी बरं होतं. पोफळीला वीज केली की कोयनेचं पाणी इकडे उतरतं, म्हणून फाल्गुनातही ही कोरडी पडत नाही. २०२१च्या जुलैत मात्र हीच नदी... जाऊ दे.

कामथ्याच्या बाजूने रो-रो आली. मालगाडीवर ट्रक, ट्रकमध्ये ड्रायव्हर. १९९९पासून या गाड्या धावतायत, तरी मोजल्याशिवाय राहवत नाही. एकोणतीसपर्यंत बरोबर मोजले. कुणी पाय वर टाकून झोपलेला, कुणाचा टॉवेल आरशावर वाळत घातलेला. तिसाव्यातला मात्र स्टीअरिंग धरून ताठ बसला होता, जसा काही अख्खी गाडी तोच हाकतोय. माझा हात वर गेला. त्याने बघितलं आणि दोन्ही पंजे उलटे केले. काय?

काय म्हणजे काय? इथे काय करतेस? या वयात गाड्या कसल्या मोजतेस? दादाच्या परवाच्या फोनचा सूर तरी वेगळा कुठे होता! सगळे आपापल्या वाटेने गेले, मी आपली काठावर. येताना बांधावरचा पांगारा लालभडक फुललेला, तोही बघवेना. परक्या माणसाने एक प्रश्न विचारावा आणि आपल्याकडे उत्तर नसावं, याचं रडू आलं. निदान याचंच, असं मी धरून चालले.

कुकर लावताना तोच हात पुन्हा करून बघितला. मी टाटा केलाच नव्हता! हात आडवा, पुढे काढलेला, बोटं खाली. थांब्यावर एसटीला दाखवते तसा. इतक्या वर्षांची सवय. ट्रकवाल्याने यातून काय समजायचं? बाईला पुढे कुठेतरी जायचंय. बिचारा स्टीअरिंग सोडून सांगत होता, मावशी, ब्रेक माझ्याकडे आहे कुठे?

वन्संना सांगितलं तर त्या अशा काही हसल्या की शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भात खाली लागला. वरवरचा काढून ताक घालून जेवलो.