चार महिन्यांचा पाऊस एका फळ्यावर

गेल्या वर्षी १ जून ते ३० सप्टेंबर या काळात मी शेतातल्या पर्जन्यमापकाची नोंद ठेवली. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. आमचा माण तालुका पर्जन्यछायेतला. इथे एका मिलिमीटरलाही किंमत आहे, कारण एकरी हिशेब केला तर ते चार हजार लिटर पाणी होतं. हंगाम संपल्यावर शेतकरी गटातल्या मंडळींनी सांगितलं, "अख्खी वही कोण वाचणार? फळ्यावर मावेल एवढं लिही."

बेरीज केली, ४८८ मिलिमीटर आली. तिला १२२ दिवसांनी भागलं. रोजची सरासरी ४, असं फळ्यावर लिहून मोकळा झालो. तात्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "रोज चार मिलिमीटर पडत होता, तर माझी बाजरी वाळली कशी रे?"

मला उत्तर देता येईना. घरी येऊन वही पुन्हा पहिल्या पानापासून काढली.

आधी एक चूक सापडली. जुलैत तीन दिवस मी पुण्याला होतो. परतल्यावर बाटलीत साचलेलं २१ मिलिमीटर एकाच तारखेला टाकलं होतं आणि आधीचे दोन रकाने कोरे होते. कोरा रकाना म्हणजे शून्य पाऊस नव्हे. ते पाणी एकूण बेरजेत राहू दिलं, पण रोजच्या हिशेबातून तिन्ही दिवस काढले. उरले ११९.

ते आकडे चढत्या क्रमाने मांडले. शाळेत शिकलेला मध्यक, म्हणजे बरोबर मधला, साठावा आकडा पाहिला तर शून्य! ७१ दिवस थेंबही नव्हता, त्यामुळे बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा, तोही शून्यच. सरासरी चुकली नव्हती, बेरजेचे सारखे वाटे घातले की ४ च येतात. पण पाऊस काही वाटे घालून पडत नाही.

मग फक्त पावसाचे दिवस वेगळे काढले. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. असे २९ निघाले. त्यांची सरासरी १५, मध्यक मात्र ९. एवढा फरक का, म्हणून शोधलं तर हस्ताच्या एका रात्रीत ९४ मिलिमीटर कोसळलेला. तो दिवस झाकून पाहिलं तर सरासरी १२ वर उतरली, मध्यक फारसा हलला नाही. आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते सांगणारं प्रमाण विचलनही काढलं, पण त्या एका रात्रीने तेही ताणलं होतं. त्यापेक्षा चतुर्थक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार सारखे भाग पाडणारे आकडे, बरे वाटले: पावसाच्या मधल्या निम्म्या दिवसांत ५ ते १८ मिलिमीटर पडला, हे कुणालाही समजतं.

तरी तात्यांच्या बाजरीचं उत्तर यात नव्हतंच. आकडे चढत्या क्रमाने लावले की तारखा विस्कटतात, आणि पिकाला तर तारखाच लागतात. वही पुन्हा तारखेप्रमाणे वाचत गेलो. ३ ऑगस्टपासून २५ ऑगस्टपर्यंत, सलग २३ दिवस, पावसाचा एकही दिवस नव्हता. बाजरी नेमकी तेव्हा निसवत होती, म्हणजे कणसं बाहेर पडत होती.

दुसऱ्या दिवशी फळा पुसून नव्याने लिहिला. एकूण ४८८. पावसाचे दिवस २९, त्यांचा मध्यक ९. सर्वांत जास्त एका दिवशी ९४. त्याखाली, ठळक अक्षरांत: सर्वांत मोठा खंड २३ दिवस, ऑगस्ट. तात्या त्या ओळीपाशी बराच वेळ उभे होते. म्हणाले, "हे आधी लिहायचं."

यंदा ती ओळ सगळ्यात वर आहे. आणि गावाला जायचं असेल तेव्हा वही आणि मोजपात्र मी शेजारच्या पोराच्या हातात देऊन जातो.