मार्झान, जिथे सहलीची बस जात नाही

बर्लिनमधील संग्रहालये आणि राजवाडे ठरल्याप्रमाणे पाहून झाले. लिहावेसे वाटते ते मार्झानविषयीच. ऑलिंपिक संकुलात आमचा सारा गट १९३६ च्या हॉकी अंतिम सामन्याच्या, ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीचा ८-१ असा पराभव केल्याच्या आठवणीने हरखून गेला होता. मात्र त्याच स्पर्धेच्या तोंडावर, १६ जुलै १९३६ रोजी, शहर 'स्वच्छ' दिसावे म्हणून पोलिसांनी सुमारे ६०० सिंटी आणि रोमा लोकांना, म्हणजे ज्यांना 'जिप्सी' म्हणून हिणवले जाई त्यांना, पकडून शहराच्या पूर्व टोकाला मार्झानच्या छावणीत नेऊन टाकले, याचा उल्लेख आमच्या मार्गदर्शकांनी एकदाही केला नाही, आणि त्या मौनाचा मला अजूनही राग येतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी गट सोडून लोकल गाडीने मार्झानला गेलो. आज तेथे उंच इमारतींची वसाहत आहे. तेव्हा एका बाजूला सांडपाणी सोडण्याची शेते आणि दुसऱ्या बाजूला दफनभूमी होती. मैला आणि मृत्यू यांबाबत ज्यांचे सोवळे-ओवळे अतिशय कडक, त्यांच्यासाठीच ही जागा निवडली गेली. येथील चौकाला ओटो रोझेनबर्ग यांचे नाव दिले आहे; ते नऊ वर्षांचे असताना या छावणीत आणले गेले आणि पुढे आउशविट्झ या नाझी मृत्युछावणीतूनही जिवंत परतले.

सहलींमध्ये सांगितला जाणारा इतिहास १९३३ पासून, म्हणजे नाझी सत्तेवर आल्यापासून सुरू होतो, ही माझी मुख्य तक्रार आहे. बव्हेरियाने 'जिप्सी, भटके आणि कामचुकार' यांच्याविरुद्धचा कायदा केला तो १६ जुलै १९२६ रोजी, म्हणजे मार्झानच्या धरपकडीच्या बरोबर दहा वर्षे आधी, आणि तोही लोकशाही प्रजासत्ताकात. १९२७ मध्ये प्रशियाने या लोकांच्या बोटांचे ठसे घेण्याचा हुकूम काढला. नाझींच्या हाती कोरी पाटी आली नव्हती. नोंदी, ठसे आणि त्या कामाला सरावलेले पोलीस त्यांना आयते मिळाले. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या माणसांविषयी ज्याने वाचले आहे, त्याला जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची ही रीत परकी वाटणार नाही.

युद्धानंतरची गोष्ट तर मला अधिकच संतापजनक वाटते. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९४३ पूर्वीचा हा छळ वांशिक नसून गुन्हेगारी रोखण्याचा उपाय होता असा निर्वाळा दिला, आणि छावण्यांतून वाचलेल्या अनेकांची भरपाई त्यामुळे अडली. १९६३ मध्ये त्या न्यायालयाने ही भूमिका बदलली, तोवर कित्येक दावेदार हयातही नव्हते.