खेचराचा कोल्हा करायचा का?

मी शब्दांच्या हिशेबावर भाषांतरं करते. मागच्या पावसाळ्यात एका प्रकाशनाकडून वीसेक पानांची फाइल आली. सोबत एवढंच: 'जुन्या इटालियन प्राणिकथा, इंग्रजीवरून, मुलांसाठी सोप्या मराठीत.' इंग्रजी असं जुनाट की एकाच शब्दाचं स्पेलिंग दर पानाला निराळं. शीर्षकपान गायब.

दुपारपर्यंत रेटून तीन पानं झाली. एक बैल वाटेत चिखलात रुततो, धनी त्याला टाकून जातो. बैल वाचतो, चरून माजतो आणि त्याच्या डुरकण्याने जंगलच्या राजाची, सिंहाची, पाचावर धारण बसते. बैलाचं नाव कियारिनो. मग दरबारातलं एक खेचर गाढवाशी खलबत करू लागतं. पुढे ओंडक्यातली पाचर उपटायला गेलेलं माकड आलं. 'पाचर' टाइप केलं आणि हात थांबला. हे माकड मी दुसरीत असल्यापासून ओळखते!

कियारिनो म्हणजे आपला पंचतंत्रातला संजीवक. सिंह पिंगलक. आणि खेचर-गाढव? ते दोघं करटक-दमनक.

संध्याकाळ शोधण्यातच गेली (तिचे पैसे कुणी देत नाही). पुस्तक थॉमस नॉर्थचं, लंडनमध्ये १५७० साली छापलेलं. पुढे शेक्सपिअरने ज्याच्या प्लूटार्कवरून (ग्रीक चरित्रकार प्लूटार्कच्या इंग्रजी भाषांतरावरून) नाटकं उभी केली, तोच हा नॉर्थ. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणच्या जुन्या पहलवी भाषेत गेलं, आठव्यात अरबीत, मग हिब्रू, लॅटिन, आणि १५५२ मध्ये डोनी नावाच्या लेखकाने ते इटालियनमध्ये आणलं. त्यावरून नॉर्थचं इंग्रजी. अरबीत करटक-दमनकाचे कलीला-दिम्ना झाले तरी कोल्हेच राहिले. इटलीत पोचेतो त्यांचे कान वाढले. गंमत म्हणजे हे मूळ हिंदुस्थानी भाषेत रचलेलं, असं नॉर्थच्या शीर्षकपानावरच छापलंय. आमच्या फाइलीत नेमकं तेच पान नव्हतं.

संपादकबाईंना फोन केला. त्या खूश. "अहो, मग परत कोल्हे करून टाका की! मुलांना ओळखीचं वाटेल."

"मग माझ्याकडून कशाला करून घेताय? बाजारात पंचतंत्राच्या ढिगाने प्रती आहेत."

मला ते खेचर सोडवेना. कोल्ह्याने कारस्थान करावं यात नवल काय? पण जन्मभर ओझी वाहणाऱ्या जनावराला राजाच्या कानाशी लागायची हाव सुटते, तेव्हा गोष्टीला वेगळीच कळ येते. आपल्या सरकारी कचेऱ्यांत वावरलेल्या माणसाला तर ती चटकन कळेल.

अर्धा तास घासाघीस झाली. खेचर राहिलं, गाढव राहिलं, कियारिनोही राहिला. प्रस्तावनेत दोन ओळी पंचतंत्रावर टाकायच्या ठरल्या.

पंधरा दिवसांनी चित्रकाराची कच्ची चित्रं आली. त्याला कुणीतरी 'पंचतंत्र' एवढंच सांगितलं असावं. सिंहासमोर दोन कोल्हे, शेपट्या झुपकेदार, चेहऱ्यावर लबाडी. चित्रं फार सुरेख होती.