तुम्ही विचारलंत म्हणून: दोन पगारांच्या घरातली बाई सगळ्यांना रेशन कशाला मागते?

"बाई, तुमच्या घरी दोन पगार येतात. मग रेशन सरसकट सगळ्यांना द्या, असं का म्हणता? खरे गरीब शोधा, त्यांनाच द्या." स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, भावकीत, सगळीकडे हेच. आता एकदा लिहूनच टाकते.

खरे गरीब शोधायचं काम मी केलेलं आहे. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात मी प्रगणक होते. नोकरी नवी होती आणि त्या फॉर्मवर माझा पूर्ण भरवसा होता. तेरा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. गुण जितके कमी तितकं घर गरीब. सगळ्यांना एकच माप, समता म्हणजे आणखी काय, असं मी तेव्हा ठासून सांगायचे.

त्यात एक प्रश्न माणशी कपडे किती, असा होता. दोनपेक्षा कमी असतील तर शून्य. चार ते पाच असतील तर दोन गुण, सहा झाले की तीन.

वस्तीवर एक विधवा बाई एकटी राहायची. मी विचारलं तर म्हणाली, "अंगावरचे धरून?" मी म्हटलं, धरून. ती आत गेली, बोचकं घेऊन आली आणि ओट्यावर माझ्यासमोर सोडलं. माझ्याबरोबर ग्रामपंचायतीचा शिपाई होता, कुडाशी दोन पोरं उभी होती. तिने एकेक कपडा बाजूला ठेवला. परकराला नाडीऐवजी सुतळी होती. मी वर्गात मोजावं तसं मोठ्याने मोजत होते. अंगावरचे धरून पाच झाले. मग तिने तळातून काठाची साडी काढली. "ही बहिणीची हाय. लग्नाला मागून आणली. पण घरात हाय, तर लिहा."

मी सहा लिहिले. तीन गुण.

पुढे यादी लागली, तिचं नाव त्यात नव्हतं. त्या एका गुणामुळे गेलं का, हे मला कधीच कळलं नाही. फॉर्मवर 'नेहमीच्या वापरातले कपडे' असं होतं, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. म्हणजे ती साडी धरायचीच नव्हती.

यावर तुम्ही म्हणाल, मग चूक तुमची, पद्धतीची नाही. माझी होतीच, नाकारत नाही. पण मी पाच लिहिले असते तरी बोचकं सोडावं लागलंच असतं ना? परक्या पुरुषासमोर परकर मोजून द्यावा लागलाच असता. जोनाथन वुल्फ या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९९८ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं होतं: मदतीसाठी माणसाला स्वतःचं उणेपण उघडं करायला लावलं, तर वाटप न्याय्य असूनही त्याचा मान जातो. हे वाचलं तेव्हा मला तो ओटा आठवला.

१९९७ पर्यंत रेशन सगळ्यांना होतं. माझी आई, कंपाउंडरची बायको, खुरपायला जाणाऱ्या बाया, सगळ्या एकाच रांगेत उभ्या असायच्या. गहू किडका निघाला की आई दुकानदाराशी भांडायची, आणि ते भांडण सगळ्या रांगेच्या कामी यायचं. मग पिवळं, केशरी, पांढरं कार्ड आलं आणि आमच्यासारखे त्या रांगेतून बाहेर पडले. किडक्या गव्हासाठी आता कोण भांडतं? तामिळनाडूने रेशन सर्वांना खुलं ठेवलंच ना?

पैसा मोजकाच आहे, माझ्या घरी पाच किलो आले तर कुणाच्या ताटातले कमी होतील, हा तुमचा मुद्दा मला छळतो. त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. मी जास्त कर भरायला तयार आहे, पण सगळे पगारदार होतील का? माझं हे सगळं म्हणणं अपराधीपणातून आलंय, असं माझे यजमान म्हणतात. असेलही.

पण तेव्हाची मी आजच्या मला सुनावते, "तू नियम पाळलास." आणि मला दिसतं, ती बाई बहिणीची साडी झटकून, घडी घालून बाजूला ठेवतेय, बाकीच्या कपड्यांत मिसळू नये म्हणून.