उचलीची वही मागा

नागपुरातल्या बांधकाम कंपन्या हल्ली विटा पुरवणाऱ्याकडून हमीपत्र घेतात. बालमजुरी नाही, वेठबिगारी नाही, खाली भट्टीवाल्याची सही-शिक्का. मजूर कशापायी अडकतो, हे मात्र त्यात कुठं विचारलेलंच नसतं.

तो अडकतो उचलीपायी, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेपायी. दिवाळीच्या सुमारास मुकादम गावी, बऱ्याचदा छत्तीसगडात, जाऊन कुटुंबाच्या हातावर रोकड ठेवतो. भट्टीवर दर हजारी विटांचा. आठवड्याला फक्त खर्ची मिळते, हिशेब होतो पावसाळ्याच्या तोंडावर. तोवर विटा किती भरल्या, किती फुटल्या धरल्या, खर्ची किती गेली, सगळं एकाच वहीत आणि वही मालकाकडे. फिटलं नाही की पुढचा हंगामही तिथंच. उचलीपोटी काम सोडायची मोकळीक गेली, तर १९७६ च्या कायद्यानं ती वेठबिगारी आहे आणि ते कर्ज फेडायची जबाबदारीच उरत नाही. किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं कामही सक्तीचं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितलंय.

म्हणून कंपनीच्या भट्टीवाल्याशी होणाऱ्या करारात उचलीचं कलम हवं: रक्कम लेखी, एक प्रत मजुराकडे, व्याज नाही, मजुरी प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात. हजेरीपटावर नवऱ्याचंच नाव असतं, बायकोची मजुरी त्यातच विरते. पडताळा सोपा आहे. समजा कुटुंब दिवसाला १,००० विटा पाडतं आणि हजारी दर ८०० रुपये. डोकी दोन धरली तर ४०० पडतात. विटा उलटायला सासूही बसत असेल तर डोकी तीन, म्हणजे २६६. दिवस बारा तासांचा असेल तर आठ तासांचे १७७ च्या आसपास. हा आकडा त्या वेळच्या किमान वेतनाशी ताडून पाहा.

तपासणी जानेवारी-फेब्रुवारीत करा, आणि एकदा हिशेबाच्या वेळी. जूनअखेर जाऊन रिकाम्या झोपड्यांचे फोटो काढण्यात काय हशील? मालकाच्या मुन्शीला बाजूला ठेवून, छत्तीसगढी बोलणाऱ्या माणसाकरवी विचारा: आधार कार्ड कुणाकडे आहे? आज गावी निघालात तर कोण अडवेल?

कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेच्या विटा घेतो म्हणून सुटलो, असंही समजू नका. यंत्रावरची टोळी उचलीवर आणलेली असू शकते.

प्रकरण सापडलं की घाबरून ऑर्डर तोडणं ही सगळ्यात वाईट चाल. मालक रातोरात टोळी हाकलतो, मजुरी बुडते, पुरावाही जातो. आधी जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांना कळवा. मजूर वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्तता प्रमाणपत्र तिथूनच मिळतं, आणि ३०,००० रुपयांपर्यंतच्या तातडीच्या मदतीची वाटही तिथूनच. थकलेली मजुरी तुमच्याकडच्या बिलातून वळती करून थेट मजुरांना द्यायची मुभा करारातच लिहून ठेवा.

आणि खरेदी विभागाकडेही बघा. भट्टीवाल्याचं बिल तीन-तीन महिने अडवलं, तर तो मजुरी हंगामाच्या शेवटावरच ढकलणार. सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून त्याची नोंदणी असेल, तर करारात काहीही लिहिलेलं असो, २००६ च्या कायद्यानं ४५ दिवसांपलीकडे त्याचे पैसे थकवता येत नाहीत.